लाटण्याचं प्यादं

आबा, तुमचा पट काल पिंपळगाव रेणुकाईला पोचवून आले. कापडी पट, मोहऱ्यांची पिशवी, सगळं. घरी आल्यावर कपाटाचा वरचा खण उगीचच उघडून बघितला, तर आत नुसता डांबरगोळ्यांचा वास. तेव्हा वाटलं, तुम्हाला सांगितल्याशिवाय हे काम पुरं व्हायचं नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमच्या हातच्या छड्या खाल्लेली पोरं आजोबा होऊन बसलीत. पण मी कुठूनही खेळून आले, की मी चप्पल काढायच्या आधी तुम्ही विचारायचात, "हं, कशी हारलीस ते सांग." जिंकून आले तरी हेच. जिंकल्याचं कोणीही सांगतं, त्यात ऐकण्यासारखं काय असतं, असं तुमचं म्हणणं. मला भयंकर राग यायचा. या वेळी मात्र तुमचा प्रश्न बरोबर ठरला असता. मी हारले आहे, आणि कशी हारले ते सांगायला बसले आहे. जरा वेळ लागेल. तुम्हाला तरी आता कुठं शाळेची घंटा गाठायची आहे.

आधी पटाचं. पिंपळगावच्या त्या भाड्याच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आहेत. शाळा सुटते, तुम्ही हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात येता, चुलीपासून हातभर लांब पट अंथरता, आणि आई भाकरी थापता थापता म्हणते, "आता पीठ उडालं तर मला बोलायचं काम न्हाई." बाहेरच्या खोलीत जागा होती, उजेड होता, वारा होता. पण तुम्हाला आई जिथं असेल तिथंच डाव मांडायचा असायचा. तिला खेळता येत नव्हतं. तरी कोण हरतंय हे ती आमच्या पाठींकडं बघून सांगायची, आणि तिचं चुकल्याचं मला आठवत नाही. पट तिनंच शिवलेला, मांजरपाटावर काळ्या कापडाचे चौकोन. मोहरे मंठ्याच्या सुतारानं केलेले, पांढरे कडुनिंबाचे आणि काळे बाभळीच्या गाभ्याचे. काळे म्हणायचे एवढंच, खरे तांबडे होते. त्याच्या उंटाची मान इतकी जाड, की नवा माणूस त्याला हत्ती समजून सरळ चालवायला जायचा.

एकदा एक पांढरं प्यादं घरंगळत सरपणात गेलं आणि आईनं काटक्यांबरोबर तेही चुलीत सारलं. तुमच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा निखारा झाला होता. तुम्ही डाव तसाच सोडून चुलीकडं बघत बसलात. शेवटी आईच उठली, चीर गेलेलं लाटणं आणलं आणि तुमच्या पुढ्यात टाकलं. "ह्याची मूठ कापा अन् करा तुमचं प्यादं. मला तसंबी नवं लाटणं पाहिजेच व्हतं," ती म्हणाली. तुम्ही करवतीनं मूठ कापलीत, कानशीनं बूड सपाट केलंत. ते प्यादं बाकीच्यांहून जरा उंच झालं, हातांनी आणि पिठानं गुळगुळीत झालेलं. त्याची जागा तुम्ही ठरवून टाकलीत, राजाच्या घोड्यापुढं. आपल्याकडं लाटण्याची प्यादी करतात, असं मी शाळेत सांगत सुटले होते.

याच स्वयंपाकघरात एक दिवस तुमचा दुसरा शिष्य आला. माझ्याच वर्गातला, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. वर्गात तुम्ही भिंतीवर पट काढून काहीतरी दाखवलं होतंत आणि त्यानं हात वर करून विचारलं होतं, "गुरुजी, वजीर मेल्यावर राजा रडत न्हाई का?" तुम्ही त्याला घरी यायला सांगितलंत. तो दाराशी उभा राहिला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. आईनं पाण्याचा तांब्या त्याच्या पुढं ठेवला आणि पाठ करून पुन्हा भाकरी थापायला लागली, म्हणजे त्याला प्यायचं तर पिता यावं आणि नाही प्यायचं तर कुणी बघितलं असं होऊ नये. तो पाणी प्यायला आणि वर त्यानं भाकरही मागितली. त्याच्या घरी काही दिवस कुरबुर झाली. आपण बौद्ध, आणि ते गावचे मोठे. पण तो काही ऐकणाऱ्यांतला नव्हता. मला मात्र तो आल्याचा मुळीच आनंद झाला नाही. तोपर्यंत तुमच्यासमोर बसायचा मान माझा एकटीचा होता.

तुम्ही खेळ कसा शिकलात ते आम्हा दोघांना एकदमच सांगितलंत. मंठ्याजवळच्या तुमच्या गावात पारावर डाव चालायचा. निजामाच्या काळापासून खेळणारी ती माणसं, बोलणं सगळं शह, मात, मोहरा असं उर्दू वळणाचं. पारावर चढायची आपल्याला सोय नव्हती. तुम्ही खाली उभं राहून बघायचात, आणि तुमचे डोळे यायचे बरोबर पटाच्या पातळीला. "खालून मला राजा, वजीर काहीच दिसायचं न्हाई," तुम्ही म्हणालात, "समोर फक्त प्याद्यांची रांग. म्हणून मी आधी प्यादी शिकलो. बाकीचे मंग मागून दिसले." हे तुम्ही हसत सांगितलंत. मी हसले, तो हसला नाही. बराच वेळ पटाशेजारी गाल जमिनीला टेकवून तो प्याद्यांकडं बघत राहिला, आणि आईनं त्याला झोप आली असं समजून उशी आणून दिली.

त्या पारावरची एक रीत तुम्ही घरात आणली होती. वजिरानं मात केली काय, हत्तीनं केली काय, डाव जिंकला एवढंच. पण प्याद्यानं मात केली, म्हणजे शेवटचा शह प्याद्याचा असेल आणि राजाला जायला घर नसेल, तर ती प्यादेमात. तिचा मान सगळ्यात मोठा. हरणाऱ्यानं उठून उभं राहायचं, आपल्या हातानं एकेक मोहरा पिशवीत भरायचा आणि पिशवी जिंकणाऱ्याला दोन्ही हातांनी द्यायची. तुम्ही आम्हाला किती वेळा प्यादेमात केलीत याची गणती नाही. एका संध्याकाळी मी तुमचा वजीर मारला आणि आनंदानं आईला हाक मारली. ती बघायला वळेपर्यंत तुम्ही लाटण्याचं प्यादं एक घर सरकवलं होतंत आणि माझा राजा मेला होता. "तुला वजीर दिसतो, पोरी," तुम्ही म्हणालात, "प्यादं दिसत न्हाई. ज्याला प्यादं दिसत न्हाई त्यानं जल्दी जल्दी हाका मारू नये." तोही तिथंच होता, म्हणून जास्त लागलं. मी जेवले नाही. आई म्हणाली, लाकडापायी भाकर सोडणारी पहिलीच बघून राह्यले मी. मग मी जेवले, पण रागानं.

पट पुढं कुणाला मिळणार यावरून आम्ही दोघं भांडायला लागलो, तेव्हा तुम्ही निकाल दिलात. तुमच्या दोघांत जो दुसऱ्यावर प्यादेमात करील त्याचा पट, मी लेक म्हणून मला नाही आणि तो मुलगा म्हणून त्याला नाही. आम्ही दोघांनीही पटावर हात ठेवून मान्य केलं. आणि मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच, काहीच झालं नाही. आम्ही मोठे झालो, स्पर्धा खेळायला लागलो. जालना, औरंगाबाद, परभणी, नांदेड, जिथं पट मांडलेले असतील तिथं. मी बँकेत लागले, तो शेतीत राहिला, पण सुट्टी बघून एकाच स्पर्धेला नावं घालायची हे चुकलं नाही. आणि स्पर्धेतला खेळाडू, आबा, मात होईपर्यंत बसत नाही. डाव गेला हे कळलं, की हात पुढं करतो, सही करतो, चहाला जातो. आम्ही एकमेकांशी इतके डाव खेळलो, जिंकलो, हारलो, पण मात म्हणून पटावर उमटलीच नाही कधी. तुम्ही तर वैतागायचात. "उठसूट राजीनामा द्यायला ती काय नोकरी हाय का?" असं तुम्ही त्याला एकदा भर स्पर्धेत विचारलं होतंत, आणि पंचांनी तुम्हाला बाहेर जायला सांगितलं होतं.

तुमच्या शेवटच्या आजारपणात पट माझ्याकडं आला. तुम्ही दिला नाहीत, ठेवायला सांगितलात. त्या वेळी तुमचा तो दुसरा शिष्यही खाटेच्या पायथ्याशी उभा होता, त्यामुळं त्याला हे शब्दाशब्दानं पाठ. तेव्हापासून भेटला की त्याचा पहिला प्रश्न, "आमचा पट बराबर हाय ना? वाळवी तर न्हाई लागली?" मी म्हणायचे, आमचा कुणाचा? तो म्हणायचा, "ठेवलाय तुझ्याकडं. दिलेला न्हाई." या थट्टेत आमची उमेदीची वर्षं गेली. पण खरं सांगते, मला तो पट द्यायचा नव्हता. आई गेल्यावर तर मुळीच नाही. घरात तुमच्या दोघांच्या हातचं असं तेवढंच उरलं होतं. आणि द्यावा लागेल अशी भीतीही नव्हती. दोन जुने खेळाडू प्यादेमातीपर्यंत बसतील कशाला?

आता या वेळचं. जालन्याला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती, त्यात आमच्यासारख्या पिकल्या केसांचा वेगळा गट. हल्ली सगळं बदललंय. वीतभर उंचीची पोरं येतात, रशियन नावं घेऊन सुरुवाती खेळतात, त्यांच्या आया बाहेर डबे घेऊन बसलेल्या असतात. आमच्या गटात तेवढी शांतता. कुणाला गुडघा, कुणाला साखर, दर फेरीनंतर औषधांच्याच गप्पा जास्त. शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर आम्ही दोघं. माझा अर्धा गुण जास्त, म्हणजे मला बरोबरी पुरत होती, त्याला जिंकणंच भाग होतं. तो आला, धोतर नाही पण नेहमीच्या त्याच टोपीत. बोटांना मिरचीचा वास, तोडणी चालू असणार. "डोळे चोळू नको," बसता बसता त्यानं बजावलं, "माझा हात लागलेले मोहरे तू मारशील तर मंग डोळ्यात जाईल. आधीच सांगून राह्यलो." मी म्हटलं, तू मारू दिलेस तर ना.

पहिल्या दहाबारा चाली म्हणजे आमच्यात खुशाली विचारणं असतं. पोरंबाळं कशी, पाऊस कसा, तसं घोडा कुठं, उंट कुठं. पुढं मात्र तो बदलला. वजीर लवकर मारामारीत घालवले आणि मग त्याच्या त्या संथ पद्धतीनं, कान खाजवत, एकेक घर माझ्याकडं सरकत राहिला. मधेच मी एका प्याद्याच्या लोभानं घोडा अडकवून बसले आणि तो सोडवता सोडवता गेलाच. तुम्ही शेजारी असतात तर खाकरला असतात. शेवटी पटावर राहिलं ते असं. त्याचा राजा, हत्ती, उंट आणि दोन प्यादी, त्यातलं एक राजाच्या घोड्यापुढचं. माझा राजा, हत्ती आणि कडेचं एकच प्यादं. इथं शहाणा माणूस हात पुढं करतो. मी केला नाही. बाकीचे पट उठले, खुर्च्या रचायला सुरुवात झाली, आमच्याभोवती माणसं जमली. पंच मुलगा दोनदा घड्याळ बघून गेला. कुणीतरी कुजबुजलं, बाई सोडत का नाहीत डाव. सगळ्यात जास्त त्याला नवल वाटत होतं. चष्म्यावरून तो माझ्याकडं बघत होता, की इतक्या वर्षांची सवय हिनं आजच का मोडली.

मग त्यानं हत्तीनं शह दिला. त्याच चालीत त्याच्या उंटाची नजर माझ्या हत्तीवर आली, म्हणजे राजा वाचवावा तर हत्ती जाणार. माझ्या राजाला मागं घरं मोकळी होती. मी राजा मागं नेला नाही. पुढं, पटाच्या कडेला, माझ्याच प्याद्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचा हात उंटाकडं गेला. तिथून परत आला. कान खाजवला. आणि मग अगदी हळू, आपण चुलीपाशी सरकवायचो तसं, राजाच्या घोड्यापुढचं प्यादं त्यानं एक घर पुढं सरकवलं. बोट त्यावरून उठेना. मी त्याच्याकडं बघितलं, मग पटाकडं बघितलं. शह होता. एका घरात माझं प्यादं, बाकी घरांवर त्याचा हत्ती, त्याचं दुसरं प्यादं, त्याचा राजा. जायला कुठं जागा नव्हती. प्यादेमात, आबा.

मी उभी राहिले. विचार करून नाही. इतक्या वर्षांनी पायच उठले. उभी राहिले आणि ते प्लास्टिकचे मोहरे एकेक करून डब्यात भरायला लागले, जसं तुम्ही शिकवलं होतंत तसं, आधी राजा, मग वजीर, शेवटी प्यादी. पंच म्हणाला, मॅडम, राहू द्या, आमची मुलं भरतील. मी थांबले नाही. डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला, आणि तो माणूस, जो बापाच्या मौतीला कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांची सोय बघत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तू जाणून नेलास राजा तिथं," तो म्हणाला. "मागं घरं मोकळी व्हती. मी काय आंधळा हाय का? गुरुजींचा शब्द राखलास तू." मी मान डोलावली. तेवढंच केलं.

मग ते वाढतच गेलं. त्यानं चार लोकांना प्यादेमातीची रीत सांगितली, चारांनी चाळीसांना. बक्षीस वाटताना आयोजकांनी माइकवर सांगितलं, की इथं आज एका लेकीनं बरोबरीचा नाद सोडून, पहिलं बक्षीस सोडून, वडिलांची आज्ञा पाळली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या बक्षिसाबरोबर मला शाल आणि नारळ मिळाला, जो पहिल्याला नव्हता. एक तरुण प्रशिक्षक येऊन म्हणाला, असा खेळ आता बघायला मिळत नाही मॅडम, मी मुलांना तुमचा हा डाव दाखवणार आहे. मी म्हटलं, दाखवा. शाल चांगली आहे, तुम्हाला आवडली असती. तिच्यात बसूनच लिहिते आहे.

पट द्यायला मात्र मी स्वतः जायचं ठरवलं. भोकरदनला गाडी बदलून पिंपळगावला उतरले तर तो फाट्यावर उभा. घरी ओट्यावर मिरच्या पसरलेल्या, पाय ठेवायला जागा नाही, आल्या आल्या ठसका. त्याच्या बायकोनं ठेचा-भाकर केली होती आणि दही वेगळं ठेवलं होतं, माझ्यासाठी, कारण मला तिखट झेपत नाही हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत. जेवण झाल्यावर आईनं शिवलेला पट अंथरला. एक डाव खेळू या का, असं तो म्हणाला, मी नको म्हटलं. मग सगळे मोहरे मांडले, नुसते बघितले, आणि मी उभी राहून एकेक पिशवीत भरायला लागले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. जाड मानेचा उंट हातात आला तेव्हा उलट हसू आलं. तो पट आता अशा घरात राहणार होता जिथला माणूस एकदा आपल्या चुलीपुढच्या जमिनीला गाल टेकवून तुमच्या डोळ्यांनी बघायला शिकला. कपाटात डांबरगोळ्यांत पडून राहण्यापेक्षा ते चांगलंच. हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. मला बरं वाटलं आबा, अगदी मनापासून बरं वाटलं.

पिशवी दिली तशी त्यानं ती उघडली, आत हात घातला आणि न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून लाटण्याचं प्यादं बाहेर काढलं. ते माझ्या तळहातावर ठेवलं. "हे मायचं हाय," तो म्हणाला. माझ्या आईला तो लहानपणापासून मायच म्हणायचा. "पटाचं न्हाई हे. हे तू ने." मी म्हटलं, मग डाव कसा मांडशील? बांधावर कडुनिंब आहे की, असं तो म्हणाला, एक प्यादं कोरायला काय लागतं. मला फाट्यावर सोडायला आला. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले. तो खालून वर बघत म्हणाला, "ते प्यादं टेबलावर ठेव. डोळ्यांपुढं. म्हंजे दिसत राहील." आणि टोपी सारखी करून वळला. चेहरा इतका सरळ, की भोकरदन येईपर्यंत मला काही कळलं नाही. भोकरदनच्या स्टँडवर चहा हातात घेतला आणि एकदम उमगलं. मी इतकी हसले, की शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. त्याला सगळं कळलेलं आहे. कधी कळलं ते सांगता येणार नाही, पटावरच, की घरी गेल्यावर डाव पुन्हा मांडून बघितला तेव्हा. पण कळलंय, आणि तो ते कुणालाही सांगणार नाही. माझ्या शालीला तो धक्का लावणार नाही.

म्हणून हे पत्र त्याच्या हाती पडायला नको, आणि तुमच्यापर्यंत ते पोचवणारी गाडी नाही. लिहून झालं की घडी करून कपाटाच्या त्या रिकाम्या खणात ठेवणार आहे. पण तुम्ही विचारलंत कशी हारलीस, आणि तुम्हाला मी बाकी काहीही सांगितलं असेल, डाव कधी खोटा सांगितला नाही. राजा मी तुमच्या शब्दासाठी कडेला नेला नव्हता. सापळा लावला होता. त्याच्या उंटानं माझा हत्ती मारला असता, तर माझ्या राजाला शह नसता आणि हलायला एक घरही नसतं, प्यादंही त्याच्यामागंच अडलेलं, म्हणजे डाव बरोबरीत सुटला असता. पहिलं बक्षीसही माझं आणि पटही माझ्याच कपाटात. त्याचा हात उंटाकडं गेला तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. हाक मारायला आई नव्हती एवढंच. लाटण्याचं प्यादं आता टेबलावर समोर उभं आहे, आणि तुम्ही बघायचात तसं माझ्याकडं बघतं आहे. त्याच्या घोड्यापुढचं ते प्यादं, आबा, मला दिसलंच नव्हतं.